पात्राच्या वयाचं गाणं

१० जून २००७ च्या रात्री अमेरिकेत एचबीओ वाहिनीवर ‘द सोप्रानोज’ या मालिकेचा शेवटचा भाग लागला. शेवटच्या प्रसंगात न्यू जर्सीतल्या माफिया टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो ब्लूमफील्डच्या ‘होल्स्टन्स’ या साध्या रेस्तराँत शिरतो. एकटाच. बायको-मुलं मागाहून यायची आहेत. टेबलालाच छोटा ज्यूकबॉक्स बसवलेला आहे. टोनी त्यातल्या गाण्यांच्या चिठ्ठ्या उलटतो, थांबतो, पुन्हा उलटतो आणि ‘जर्नी’ या बँडचं १९८१ सालचं ‘डोन्ट स्टॉप बिलीव्हिन’ लावतो. बायको कार्मेला येते, मुलगा ए. जे. येतो, ऑनियन रिंग्ज येतात. मुलगी मेडो बाहेर गाडी लावता लावता मेटाकुटीला आलेली. दारावरची घंटी वाजली की टोनी मान वर करतो. शेवटची घंटी वाजते, तो मान वर करतो आणि पडदा काळा होतो. गाणं शीर्षकातल्या दुसऱ्याच शब्दावर तुटतं. घरोघरी लोकांना वाटलं, केबल गेली.

टोनी मेला की जगला यावर तेव्हापासून भरपूर शाई सांडून झाली आहे. त्या वादात मला फारसा रस नाही. मला जास्त मजेचं वाटतं ते आधीचं अर्धं मिनिट, टोनी गाणं निवडतो ते. कारण २००७ साली हे गाणं लावणं म्हणजे हसं करून घेण्याचा प्रकार होता. जर्नी हा स्टेडियम भरवणारा बँड खरा, पण समीक्षकांनी त्याला कधी पंक्तीला बसवलं नाही. गुळगुळीत, बाजारू, सगळ्यांना आवडावं म्हणून केलेलं रॉक, असा त्याचा लौकिक. मालिकेचा कर्ता डेव्हिड चेस तरुणपणी स्वतः ड्रम्स वाजवायचा, त्यामुळे त्याला हे सगळं ठाऊक होतं. त्यानं नंतर सांगितलेला किस्सा असा की, चित्रीकरणाच्या जागा बघत हिंडताना गाडीत शेवटच्या गाण्याचा विषय निघाला. मनातली दोनतीन गाणी त्यानं बोलून दाखवली. जर्नीचं नाव निघताच बरोबरची मंडळी ‘हे नको’ म्हणून ओरडली. तिथंच चेसचं ठरलं की हेच घ्यायचं.

मला ही निवड अचूक वाटते, आणि तिचं कारण गाण्याच्या अर्थात नाही. टोनी मालिकेतल्या हिशेबानं १९५९ च्या सुमाराचा. हे गाणं रेडिओवर आलं तेव्हा तो विशी ओलांडलेला, धंद्यात नुकता स्थिरावत असलेला पोरगा होता. तो समीक्षा वाचत नाही. गाडीत जे लागेल ते घसा फोडून गातो. तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला एफबीआयची माणसं त्याच्या मागावर असतात आणि हा पठ्ठ्या गाडीत ‘स्टीली डॅन’चं ‘डर्टी वर्क’ बेसूर ओरडत चाललेला असतो. अशा माणसाला चेसनं शेवटी बॉब डिलन ऐकायला लावला असता, तर गाणं थोर झालं असतं आणि टोनी खोटा पडला असता.

मालिकेतल्या पात्राला साजेसं गाणं शोधायचं तर बहुतेक जण आधी शब्द बघतात. दुःखी पात्राला दुःखाचं गाणं, बंडखोराला बंडाचं. हा सगळ्यात कच्चा मार्ग आहे. विचारायचं ते असं: हा माणूस पंधरा-सोळा वर्षांचा कधी होता, त्याच्या खिशात तेव्हा किती पैसे होते आणि शेजारच्या घरातून काय ऐकू यायचं? गाणं आधी पात्राच्या वयाचं आणि ऐपतीचं असावं लागतं. ते त्याच्या मनाचं आहे की नाही, हे नंतर बघता येतं.

हे काम करणारी माणसं अमेरिकेत वेगळी असतात. त्यांना म्युझिक सुपरवायझर म्हणतात. पार्श्वसंगीत रचणारा संगीतकार निराळा. सुपरवायझर आधीच अस्तित्वात असलेली गाणी शोधतो, दिग्दर्शकापुढे ठेवतो आणि मग परवानग्यांच्या मागे लागतो. परवानग्या दोन लागतात. एक गीत-चाल ज्यांच्या मालकीची त्यांची, दुसरी ते विशिष्ट ध्वनिमुद्रण ज्यांच्या मालकीचं त्यांची. दोघांपैकी एक जरी अडून बसला तरी गाणं हातचं जातं. ध्वनिमुद्रण परवडत नसेल तर दुसऱ्या कुणाकडून तेच गाणं गाऊन घेण्याची पळवाट असते. टोनीच्या शेवटच्या गाण्याची परवानगीही लटकली होती. गायक स्टीव्ह पेरीला भीती होती की आपलं गाणं गोळीबार आणि रक्तपातावर वाजणार. प्रसंगात काय घडतं हे कळल्याशिवाय तो होकार द्यायला तयार नव्हता. कळलं तेव्हा प्रसारण काही दिवसांवर आलं होतं.

या मंडळींची स्वतःची संघटना २०१० साली झाली आणि एमी पुरस्कारात त्यांच्यासाठी वेगळा गट २०१७ मध्ये आला. पहिला पुरस्कार ‘बिग लिटल लाइज’साठी सुझन जेकब्सना मिळाला. तोवर गाणं गाजलं की कौतुक दिग्दर्शकाचं व्हायचं.

पैशाचा विषय निघालाच आहे तर ‘मॅड मेन’चं उदाहरण टाळता येत नाही. न्यूयॉर्कच्या जाहिरात कंपनीतला डॉन ड्रेपर हा साठच्या दशकातला बादशहा. २०१२ च्या मे महिन्यात दाखवलेल्या ‘लेडी लॅझरस’ या भागात १९६६ साल चालू आहे. डॉन चाळिशीला टेकलाय. गिऱ्हाइकाला जाहिरातीसाठी बीटल्ससारखं काहीतरी हवंय आणि डॉनला हल्ली कोण काय वाजवतं याचा पत्ता नाही. त्याची तरुण बायको मेगन त्याच्या हातात बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ची नवी कोरी तबकडी देते आणि कुठल्या गाण्यापासून सुरुवात कर तेही सांगून जाते. ते गाणं ‘टुमॉरो नेव्हर नोज’. एकाच सुरावर घोटाळत राहणारं, उलट्या फिरवलेल्या टेपांचं, तेव्हाच्या कानांना चक्रावून टाकणारं. डॉन ग्लास घेऊन खुर्चीत बसतो. गाण्यावर ऑफिसातली पेगी दिसते, पीट दिसतो, अभिनयाच्या वर्गातली मेगन दिसते. मग डॉन उठतो, गाणं अर्ध्यात असतानाच सुई उचलतो आणि झोपायला जातो.

या एका गाण्यासाठी निर्मात्यांनी सुमारे अडीच लाख डॉलर मोजले, असं तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं होतं. बीटल्सचं मूळ ध्वनिमुद्रण मालिकांना सहसा मिळत नाही. मालिकेचा कर्ता मॅथ्यू वाइनर याला त्यासाठी पटकथेतली पानं आधी दाखवावी लागली. एवढं सगळं करून नायक ते गाणं पुरतं ऐकतही नाही! मला विचाराल तर हे अडीच लाख सार्थकी लागले. आवडलेल्या गाण्यातून माणूस कळतो तसा न झेपलेल्या गाण्यातूनही कळतो. दुसऱ्यांची स्वप्नं विकणाऱ्या माणसाचा काळ कधी संपला, हे संवादातून सांगायला दोन पर्वं लागली असती. इथे सुई उचलल्याच्या आवाजात ते काम झालं.

‘ब्रेकिंग बॅड’च्या वॉल्टर व्हाइटला दोन गाणी मिळाली. वॉल्टर न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीचा रसायनशास्त्राचा मास्तर. कॅन्सर झाल्यावर तो मेथ हे अमली द्रव्य बनवायला लागतो आणि त्याच्या हातचा माल निळा निघतो. २०१० सालच्या तिसऱ्या पर्वात एका भागाची सुरुवात अशी आहे: वॉल्टर वाळवंटी रस्त्यानं गाडी हाकत ‘अमेरिका’ या बँडचं ‘अ हॉर्स विथ नो नेम’ गुणगुणतोय. समोरची काच तडकलेली. त्यापायीच पोलीस अडवतो. वॉल्टर हुज्जत घालतो, आवाज चढवतो आणि डोळ्यांत पेपर स्प्रे खातो. भागाचं नावसुद्धा स्पॅनिशमध्ये ‘बिननावाचा घोडा’. ज्याला लवकरच टोपणनावानं सगळा मुलूख ओळखणार आहे त्याच्या तोंडी हे गाणं. त्यातही हा बँड वाळवंटातला नव्हेच. लंडनजवळ राहणाऱ्या अमेरिकन हवाई दलातल्या माणसांच्या पोरांनी तो काढला होता.

दुसरं गाणं शेवटचं, २९ सप्टेंबर २०१३ च्या भागातलं. गोळी लागलेला वॉल्टर प्रयोगशाळेतल्या टाक्यांवरून हात फिरवतो, कोसळतो आणि ‘बॅडफिंगर’चं ‘बेबी ब्लू’ सुरू होतं. हे गाणं वॉल्टर ऐकत नाही, फक्त आपण ऐकतो. मालिकेचा सुपरवायझर थॉमस गोलुबिच आणि त्याच्या माणसांना ते आधी पटलं नव्हतं. कर्ता विन्स गिलिगन अडून बसला. निळ्या रंगावरचा श्लेष आहे, हे उघडच. प्रेयसीवरचं गाणं निळ्या मालावर वाजतं. शब्द जुळवून निवडलेलं गाणं म्हणून माझ्या नियमानं हे पडायला हवं. पण पडत नाही. वॉल्टरनं पन्नाशी गाठली ती २००८ मध्ये, म्हणजे १९७२ साली तो तेरा-चौदाचा. ‘हॉर्स’ आणि ‘बेबी ब्लू’ ही दोन्ही गाणी अमेरिकेतल्या रेडिओवर १९७२ च्या त्याच पूर्वार्धात वाजत होती. मुद्दाम जुळवलं की जुळलं, सांगता येत नाही. पण एकाच उन्हाळ्याआधी एकाच रेडिओवर एकाच मुलानं ऐकलेली ती गाणी आहेत, हे कान ओळखतात.

आणखी एक धागा आहे. ‘बेबी ब्लू’ लिहिणारा पीट हॅम बीटल्सच्या ‘ॲपल’ कंपनीचा लाडका गुणी लेखक-गायक. व्यवहारात पुरता फसला, हाती पैसा उरला नाही आणि १९७५ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी त्यानं आत्महत्या केली. ज्याला आपल्या कामाचा पैसा दिसलाच नाही त्याचं गाणं, ज्यानं पिंपं भरभरून पैसा वाळवंटात पुरला त्याच्या मरणावर वाजतंय. भाग संपल्यावर लोकांनी गाणं धडाधड विकत घेतलं. हॅमला जाऊन तेव्हा अडतीस वर्षं झाली होती.

आता उलट बाजू. एकच गाणं तीन पात्रांना दिलं तर काय होतं? ‘डायर स्ट्रेट्स’चं ‘ब्रदर्स इन आर्म्स’ १९८५ साली आलं. फॉकलंडच्या युद्धाच्या पार्श्वभूमीवर मार्क नॉफ्लरनं ते लिहिलं होतं. त्याच वर्षी ‘मायामी व्हाइस’नं ते हँक वेल्डन या निवृत्त पोलिसाला दिलं. बेपत्ता गुंडाच्या शोधात वेडापिसा झालेला हँक, आणि त्या गुंडाला त्यानं स्वतःच मारून भिंतीत चिणलेलं, हे उघड होतं तेव्हा हे गाणं वाजतं. २००१ मध्ये ‘द वेस्ट विंग’मध्ये राष्ट्राध्यक्ष बार्टलेट आपल्या जुन्या सेक्रेटरीला निरोप देऊन, चर्चमध्ये देवाला लॅटिनमध्ये शिव्या घालून, भर पावसात पत्रकारांसमोर निघतो तेव्हा तेच गाणं. आणि २०१८ मध्ये ‘द अमेरिकन्स’च्या शेवटच्या भागात, आपला जिवलग शेजारी सोव्हिएत हेर आहे हे कळूनही एफबीआयचा स्टॅन बीमन त्याला जाऊ देतो, त्यानंतर तेच गाणं.

लोकप्रियतेच्या पारड्यात बार्टलेटचा प्रसंग जड आहे. पाऊस, गाड्यांचा ताफा, नॉफ्लरची गिटार, सगळं भव्य. पण ते गाणं राष्ट्राध्यक्षांचं नाही, दिग्दर्शकाचं आहे. नोबेल मिळवलेला हा कॅथलिक अर्थशास्त्रज्ञ डायर स्ट्रेट्स ऐकत बसेल, हे मला काही केल्या पटत नाही. त्या जागी दुसरं संथ, गंभीर गाणं चाललं असतं. स्टॅनच्या बाबतीत तसं नाही. कथा १९८७ च्या डिसेंबरात आहे, गाणं दोन वर्षं जुनं आहे, स्टॅनच्या गाडीच्या रेडिओवर ते शंभरदा लागून गेलं असणार. त्याच भागात पुढे रेल्वेत ‘यूटू’चं ‘विथ ऑर विदाउट यू’ वाजतं. सीमेवरच्या गाडीत आईबाप बसलेत आणि खिडकीतून दिसतं की मुलगी फलाटावर उतरून उभी आहे. तेही गाणं त्याच वर्षीचं. कुठेही ओढूनताणून आणलेलं वाटत नाही.

जर्नीच्या गाण्याचीही अशीच गंमत झाली. टोनीच्या टेबलावर ते तुटल्याला दोन वर्षं होतात न होतात तोच ‘ग्ली’च्या पहिल्या भागात शाळकरी पोरांनी ते गायलं. जन्मलीही नव्हती तेव्हाचं गाणं, पण गाण्याच्या वर्गात कुणीतरी नोटेशन हातात ठेवल्यावर पोरं गाणारच. तीही जोडी जमली.

काही जोड्या सोप्या असतात आणि सोप्याच बऱ्या. ‘सुपरनॅचरल’चा डीन विंचेस्टर बापाची १९६७ ची शेवर्ले इम्पाला चालवतो, बापाच्या काळच्या कॅसेटी वाजवतो आणि खोट्या ओळखपत्रांवर रॉक वादकांची नावं लावतो. ‘कॅन्सस’चं १९७६ सालचं ‘कॅरी ऑन वेवर्ड सन’ त्या मालिकेचं बोधचिन्हच होऊन बसलं. पंधरा पर्वांनंतर, २०२० मध्ये, शेवटच्या भागाचं नावही त्यावरून ठेवलं. ‘हाउस’मधला खडूस डॉक्टर पहिल्याच भागात मिक जॅगरला तत्त्ववेत्ता म्हणतो. झालं, माणूस कळला.

बीबीसीची ‘लाइफ ऑन मार्स’ २००६ सालची. मँचेस्टरचा पोलीस अधिकारी सॅम टायलर याला गाडी उडवते तेव्हा त्याच्या गाडीत आयपॉडवर डेव्हिड बोवीचं त्याच नावाचं गाणं चालू असतं. शुद्धीवर येतो तो १९७३ मध्ये. गाणं तेच, आता जुन्या गाडीतल्या टेपवर. दोन काळ एकाच गाण्यानं शिवण्याची ही युक्ती मला बेहद्द आवडते. बोवीचं गाणं १९७१ चं, म्हणजे सॅमच्या बालपणातलं. स्वतःच्या आठवणीत अडकलेल्या माणसाला दुसरं कुठलं गाणं ऐकू येणार?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या मॅक्सचं गाणं सगळ्यांना माहीत आहे. केट बुशचं १९८५ सालचं ‘रनिंग अप दॅट हिल’. २०२२ मध्ये आलेल्या पर्वासाठी नोरा फेल्डर या सुपरवायझरनं ते मॅक्सला सुचवलं. केट बुश गाणी सहजी देणाऱ्यांतली नाही, त्यामुळे प्रसंग लेखी समजावून सांगावा लागला. कथा १९८६ ची, मुलगी वॉकमनवाली, सावत्र भाऊ गमावल्यावर कुणाशी न बोलणारी. कॅसेट संपली की उलट फिरवून पुन्हा तेच ऐकायचं, हे वय प्रत्येकानं पाहिलेलं असतं. इंग्लंडमध्ये ते गाणं सदतीस वर्षांनी पहिल्या क्रमांकावर गेलं.

इथे आपल्या बाजूची एक गोष्ट सांगायला हवी. मराठी मालिकेचं गाणं असतं ते शीर्षकगीत, मालिकेसाठी बेतून शिवलेलं. ‘आभाळमाया’ म्हटलं की अशोक पत्कींची चाल आणि देवकी पंडितांचा आवाज आधी आठवतो. पण ते गाणं घराचं, कुटुंबाचं, एकूण मालिकेचं असतं. ‘आभाळमाया’ची नायिका सुधा जोशी स्वयंपाकघरात एकटी असताना रेडिओवर काय लावेल, हा प्रश्न कुणी विचारला नाही. तिच्या कॉलेजच्या वयात विविध भारतीवर काय लागायचं याचं उत्तर शोधणं अवघड नव्हतं. भावगीतं होती, किशोरकुमार होता. मालिकांनी ती दारं उघडली नाहीत, याचं मला वाईट वाटतं. दुसरी गोष्ट आपल्या कानांची. अमेरिकेतल्या पन्नाशीच्या प्रेक्षकाला जर्नीचं गाणं ऐकलं की आधी स्वतःची शाळा आठवते, मग टोनी. मुंबईत काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’ या दुकानात एकेकाळी कॅसेटी धुंडाळणारे थोडे लोक सोडले, तर आपल्यातल्या पुष्कळांना हे गाणं टोनीनंच पहिल्यांदा ऐकवलं. आपल्यासाठी गाणं पात्राच्या मागून येतं.

वय आणि गाणं यांची सांगड पद्धतशीर घातली ती ‘हॉल्ट अँड कॅच फायर’नं. ऐंशीच्या दशकात टेक्सासमध्ये संगणक बनवणाऱ्या चौघांची ही गोष्ट. गोलुबिच इथेही होता. त्यानं एकेका पात्रासाठी वेगळी प्लेलिस्ट केली आणि वाहिनीनं त्या श्रोत्यांना खुल्या केल्या. पंक ऐकणारी कॅमरन आणि चकचकीत सूटमधला जो यांच्या याद्या अदलाबदल करून बघा, कथा कोलमडते. शेवटच्या भागात, २०१७ मध्ये, हा जो वर्गात शिकवायला उभा राहतो तेव्हा पीटर गेब्रिएलचं ‘सॉल्सबरी हिल’ लागतं. ‘जेनेसिस’ हा नावाजलेला बँड सोडल्यावर गेब्रिएलनं काढलेलं हे पहिलं एकल गाणं. नावाजलेला धंदा सोडून आलेल्या जोला ते दिलंय.

इतकं सांगून झाल्यावर माझी पसंती मात्र एका चौदा वर्षांच्या पोराला. ‘फ्रीक्स अँड गीक्स’, एनबीसी, १९९९-२०००. गोष्ट १९८० च्या मिशिगनमधल्या शाळेची. बिल हॅव्हरचक हा चष्मेवाला, काटकुळा, वर्गात सगळ्यांनी हिणवलेला मुलगा. ‘डेड डॉग्ज अँड जिम टीचर्स’ या भागात तो शाळेतून घरी येतो. आई कामावर. कुलूप उघडतो, चीज सँडविच भाजून घेतो, केकचा तुकडा आणि दुधाचा ग्लास घेतो, टीव्हीपुढे बसतो. टीव्हीवर विनोदी कलाकार गॅरी शँडलिंग. बिल हसतो, इतका हसतो की तोंडातला घास बाहेर उडतो. संवाद नाही. वर ‘द हू’चं ‘आय ॲम वन’, १९७३ च्या ‘क्वाड्रोफीनिया’मधलं. गाणं एका एकट्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या पोराच्या तोंडचं आहे, त्यामुळे शब्दही जुळतात. पण मर्म ते नाही. दया येईल असं गाणं लावलं असतं तर बिल बिचारा झाला असता. ‘द हू’ची गिटार उसळते आणि कळतं की रिकाम्या घरातला हा तास त्याच्या दिवसातला सगळ्यात चांगला तास आहे. गाणं आणि पात्र यांची इतकी चोख जोडी मी दुसरी पाहिलेली नाही.

आता एक सावधगिरीची सूचना. १९७८ ते ८२ या काळात ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही रेडिओ स्टेशनवरची विनोदी मालिका चालायची. एका प्रसंगात डीजे जॉनी फीव्हर पिंक फ्लॉइडचं ‘डॉग्ज’ वाजवतोय आणि भाबडे साहेब विचारतात, यात कुत्री भुंकतायत की काय? मालिकेनं गाण्यांचे हक्क ठरावीक मुदतीचे घेतले होते. मुदत संपल्यावर पुनःप्रसारणात आणि २००७ च्या डीव्हीडीत गाणी बदलली, काही प्रसंग कापले, हाही गेला. गाण्यावर जगणाऱ्या पात्राच्या तोंडातलं गाणंच काढून घेतलं! २०१४ मध्ये निघालेल्या नव्या संचात बरीचशी मूळ गाणी परत आली. तेव्हा जुनी मालिका मोबाइलवर सापडली म्हणून लगेच बघायला बसू नका. मूळ गाणी ठेवलेली आवृत्ती कोणती, ते आधी शोधा.

‘फ्रीक्स अँड गीक्स’ एनबीसीनं पहिलं पर्व संपायच्या आतच बंद केली. गाण्यांच्या हक्कांसाठी वाटाघाटी करता करता डीव्हीडी यायला २००४ उजाडलं, पण निर्मात्यांनी एकही गाणं बदलू दिलं नाही. एकूण अठरा भाग आहेत. बिलचा तो प्रसंग चौदाव्या भागात आहे, तरी पहिल्यापासूनच बघा.